एक मोठं पातेलं भात

कँटीनबाई पंख्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्या, त्या दिवशी साहेबांनी छोटंसं भाषण करून त्यांना एक पंखा भेट दिला. जन्मभर शेगडीसमोर उभ्या असलेल्या बाईला पंखा द्यायचं साहेबांना शेवटच्या दिवशी सुचलं, असं बाई पुढे येईल-जाईल त्याला सांगत आणि सांगता सांगता स्वतःच खो खो हसत. पंखा चांगला होता, त्याबद्दल तक्रार नव्हती.

कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पाळी सुटायच्या आधी भात उतरलेला असायचा, रस्सा उकळत असायचा आणि बाई पदर खोचून डाव हातात घेऊन दाराशी उभ्या असायच्या. कुणी ताटात अन्न टाकलं तर ते त्या ओरडून नव्हे, नुसतं बघून संपवायला लावत. भले भले फोरमन त्या नजरेपुढे गार पडत. आणि शेवटचा माणूस जेवून उठल्याशिवाय त्या स्वतः घास घेत नसत. हा काही त्याग वगैरे नव्हता. भुकेलं माणूस समोर असताना त्यांच्या घशाखाली घास उतरतच नसे, बस.

नवरा फार लवकर गेला. एकच लेक. तिला बाईंनी कँटीनच्या पगारावर शिकवलं, ती शिकली, विमा कंपनीत लागली आणि बदली होत होत देशाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पोचली. बाई आपल्या दोन खोल्यांत एकट्या आणि मजेत होत्या. सकाळी बाजार, दुपारी झोप, संध्याकाळी जिन्यातल्या बायकांना स्वयंपाकातल्या चुका दाखवणं, असा भरगच्च कार्यक्रम होता.

मग एके दिवशी त्या मोरीत घसरल्या आणि मनगट मोडलं. लेक धावत आली. तिने आईचं मनगट पाहिलं, मोरी पाहिली, जिना पाहिला आणि ठरवून टाकलं.

"आई, आता एकटीनं राहणं पुरे. घर बंद कर आणि माझ्याकडे चल."

"घसरले म्हणजे काय म्हातारी झाले का? तू लहानपणी रोज घसरायचीस. मी तुला कुठं ठेवून आले का?"

"मी पाच वर्षांची होते!"

"मग? तुला तेव्हा जास्त लागायचं."

वाद आठवडाभर चालला. प्लास्टर निघालं, लेक परत गेली, तरी तो फोनवर चालूच राहिला. शेवटी वैतागून बाईंनीच तोड काढली. "हे बघ, मी तुझ्याकडे येते. आगगाडीनं, एकटी. वाटेत मी एकदा जरी तुला मदतीला हाक मारली, तर घराची किल्ली तुझ्या हातात देईन आणि मरेपर्यंत तुझ्याकडे राहीन. कुरकुर करणार नाही. पण धडधाकट पोचले, तर कुठं राहायचं ते मी ठरवणार. मग तू तोंड उघडायचं नाहीस."

दोन रात्रींचा प्रवास होता. "कबूल," ती म्हणाली. "पण वाटेतलं जेवण मी मागवणार. फोनवरून ऑर्डर दिली की हॉटेलवाले डब्यात जागेवर आणून देतात. तेवढं तरी मला करू दे."

बाईंना ती अट फारशी जड वाटली नाही. जन्मभर वाढलं, आता दोन दिवस कुणी वाढलं तर काय बिघडलं? तिथेच त्या फसल्या.

गाडीत त्यांची जागा खिडकीजवळची होती. समोर नळ विकत गावोगाव फिरणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या पेटीत नळांचे नमुने खुळखुळत होते आणि गाडीने वळण घेतलं की सगळ्या डब्याला ते कळत होतं. शेजारी एक तरुण बाई तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी निघाली होती. तासाभरात दोघंही बाईंना मावशी म्हणू लागली आणि बाईंना नळांचे सगळे प्रकार आणि बाळाचं जन्मवजन पाठ झालं.

दुपारी एका मोठ्या स्टेशनात गाडी थांबली आणि लाल टोपीतला एक माणूस जागेचा नंबर पुकारत डब्यात शिरला. त्याने बाईंच्या मांडीवर गरम पिशवी ठेवली, फोनवर आलेला नंबर विचारला आणि आला तसा उडी मारून उतरला. बाईंना मोठी गंमत वाटली. कुठल्या तरी अनोळखी गावात कुणीतरी आपल्यासाठी भात शिजवला, पळत आणला आणि आपण फक्त बसून राहिलो! त्यांनी ऐटीत डबा उघडला.

आत गिचका भात होता. शेजारी उकडलेल्या भाज्या आणि एका वाटीत सूप. त्या सुपात आणि गरम पाण्यात फरक करायला चष्मा लागला असता. आजाऱ्याचं जेवण! बाईंनी एक घास खाल्ला आणि हॉटेलचा नंबर लावला.

"भात कुणी केला?"

"बाईसाहेब, काही चुकलं का? ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, पेशंटसाठी, मऊ, बिनमिठाचं, बिनतिखटाचं."

पेशंट! बाईंनी फोन ठेवला आणि लेकीला लावायला बोट उचललं. मग खाली केलं. उगाच फोन नको, ती त्याचाही काहीतरी अर्थ काढेल. त्यांनी तो भात निमूट संपवला, कारण ताटात टाकायचं नाही हा नियम त्यांचाच होता. डबे धुतले, पुसले आणि पिशवीत एकात एक रचून ठेवले. चांगलं भांडं फेकून देणारी माणसं त्यांना कधी कळली नाहीत.

रात्री दुसऱ्या स्टेशनावर तेच. सकाळी तिसऱ्यावर तेच, वर एक उकडलेलं अंडं. लेकीचं काम मात्र चोख होतं. गाडी थांबायचा अवकाश, की डबा हजर. नळवाले म्हणाले, "मावशी, नशीबवान आहात. आमच्या घरचे गाडीत बसवून देतात आणि विसरून जातात." बाळाची आई तर हेव्याने बघत होती. तिचं घरून आणलेलं पहिल्याच रात्री संपलं होतं आणि मूल मांडीवर घेऊन प्रत्येक स्टेशनात खाली उतरणं तिला जमत नव्हतं. बाईंनी तिला आपलं अंडं दिलं. भात द्यायचा त्यांना धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी माळरानावर उभी राहिली ती राहिलीच. बऱ्याच वेळाने टीसी कपाळ पुसत आला. पुढे मालगाडी रुळावरून घसरली होती. आपली गाडी आता दुसऱ्या मार्गाने, मोठा वळसा घालून जाणार. वाटेत मोठं स्टेशन एकही नाही, गाडीला खानपानाचा डबा नाही आणि पोचायला उद्याची दुपार. एवढं सांगून तो घाईघाईने पुढच्या डब्यात गेला, कारण लोकांचे चेहरे त्याला दिसत होते.

बाईंचा फोन लगेच वाजला.

"आई, सगळ्या ऑर्डरी रद्द झाल्यात!" लेकीचा आवाज कापत होता. "त्या मार्गावर कुणी जेवण पोचवतच नाही. तू असं कर, गाडी पहिल्यांदा जिथं थांबेल तिथं उतर. आमच्या कंपनीचा माणूस जवळपास आहे, तो गाडी घेऊन येईल. तू नुसतं हो म्हण."

"म्हणजे मी हरले असं?"

"यात हरण्याजिंकण्याचं काय आहे? उद्यापर्यंत उपाशी राहणार का तू?"

"उपाशी कोण राहतंय? ठेव फोन. आणि ऐक, मी हाक मारलेली नाही. तू मारलीस. हे लक्षात ठेव."

फोन ठेवला खरा, पण बाईंच्या डोळ्यासमोर घर आलं. ते दोन खोल्यांचं घर, जिन्यातल्या बायका, बाजारातला भाजीवाला. एका घसरलेल्या मालगाडीपायी हे सगळं जाणार? डब्यात बाळ रडायला लागलं होतं. त्याच्या आईचा चेहरा उतरला होता, तिनं सकाळपासून एका अंड्यावर भागवलं होतं. पलीकडच्या बाकांवरची माणसं पिशव्या उलट्यापालट्या करून बघत होती. बाईंनी पदर खोचला. लेकीनं तो खोचलेला पदर पाहिला असता, तर तिनं पैज तिथेच सोडून दिली असती.

"नळवाले, तुम्ही सगळ्या गावांत नळ विकता म्हणता. या वाटेवर कुठं खानावळ आहे का?"

नळवाल्यांनी जरा आढेवेढे घेतले. "आहे एक. पुढच्या जंक्शनला, स्टेशनाच्या दारातच. इंजिन बदलायला गाडी थोडी थांबेल तिथं. पण मावशी, मी त्यांना फोन नाही करू शकत."

"का?"

"मी त्यांना नळ विकलेत."

"मग तर ओळख पक्की!"

"त्यातले दोन गळतात."

बाईंनी हात पुढे केला आणि नळवाल्यांनी मुकाट्याने नंबर दिला. पलीकडून फोन उचलला गेला तो ओरडतच. नळवाल्यांच्या ओळखीने फोन आला आहे एवढं कळताच खानावळवाल्याने नळांचा उद्धार सुरू केला. बाईंनी त्याला मनसोक्त बोलू दिलं. कँटीनमध्ये त्या हेच करत. माणूस तापलेला असेल तर आधी त्याची वाफ जाऊ द्यायची आणि मगच झाकण उचलायचं.

"झालं बोलून?" त्या शेवटी म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात ते स्वतः येऊन नळ बदलून देतील. माझ्यासमोर बसलेत, मान हलवतायत. हलवा हो मान! आता सांगा, गाडी तुमच्याकडे यायला दोनेक तास आहेत. तांदूळ कुठला आहे?"

मग दोन स्वयंपाकी माणसांचं जे बोलणं झालं ते डब्यातले लोक कान देऊन ऐकत राहिले. तांदूळ जुना की नवा, रश्श्यात बटाटा की अंडी, कांदा किती परतायचा. खानावळवाल्याचा आवाज बघता बघता मऊ झाला. त्याने विचारलं, "किती माणसांचं?" बाईंनी मान वळवून बघितलं. आपण तिघं, पलीकडचे दोघं-तिघं. तोंडाने मात्र त्या सवयीने बोलून गेल्या, "एक मोठं पातेलं भात आणि एक मधलं पातेलं रस्सा."

"मोठं म्हणजे केवढं?"

"मोठं म्हणजे मोठं! दोघांनी उचलायचं ते. लहान पातेल्यात भात मोकळा होतो का कधी?"

आता बघा, माणसं मोजायची असतात हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण उभं आयुष्य त्यांनी पाळीच्या हिशोबाने पातेली लावलेली. सहा जणांचा भात कसा करायचा हे त्यांच्या हाताला कळत होतं, घरी त्या एकटीपुरता करतच. पण असा पदर खोचून हुकूम सोडायची वेळ आली, की जिभेला कँटीनच आठवायचं.

जंक्शनात गाडी थांबली आणि फलाटावर जो प्रकार दिसला तो पाहून नळवाल्यांनी आपली पेटी पोटाशी धरली. दोन धिप्पाड माणसं कड्यांत दांडा अडकवून एक प्रचंड पातेलं घेऊन येत होती. त्यांच्यामागे रश्श्याचं पातेलं घेऊन खुद्द खानावळवाला. पातेलं दारातून आत येईना. तिरकं करावं तर भात सांडणार. तेव्हा बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांचा तो जुना, यंत्रांच्या आवाजावरून जाणारा आवाज फुटला.

"दांडा काढा! दोन्ही कड्या आडव्या धरा! नळवाले, नुसते बघताय काय, आत ओढा!"

पातेलं आत आलं. पैसे चुकते झाले. खानावळवाला रिकाम्या हातांकडे बघून एकदम म्हणाला, "पण बाई, माझी पातेली?" तोवर गाडी हलली होती.

"परत येतील!" बाई दारातून ओरडल्या. "माझा शब्द आहे!"

काय आश्चर्य, त्याने तो शब्द धरला आणि चक्क हात हलवून निरोप दिला.

आता दुसरी पंचाईत. बाईंनी ताटं मागवलीच नव्हती. कँटीनला प्रत्येक कामगार आपलं ताट घेऊन यायचा, तेव्हा ताटांची काळजी त्यांच्या डोक्यात शिरणार कशी? नळवाले कपाळाला हात लावून बसले. बाईंनी पिशवी उघडली आणि पेशंटच्या जेवणाचे धुतलेले डबे, वाट्या, झाकणं काढून बाकावर मांडली. बाकी लोकांनी आपापले डबे, पेले आणले, बाळाच्या आईने तर दुधाच्या डब्याचं झाकण आणलं. "रांग लावा," बाई म्हणाल्या, "लहान मुलं आणि पोरवाल्या आधी." आणि सबंध डब्याने रांग लावली. मागच्या डब्यातले लोकही वास काढत आले. टीसी गर्दी का झाली म्हणून बघायला आला आणि स्वतःच रांगेत उभा राहिला.

भात मोकळा होता. रश्श्याला चव होती. बाळाच्या आईने दोनदा घेतलं आणि मग तिला हुंदकाच फुटला. का, ते तिलाही सांगता येईना. बाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि दुसऱ्या हाताने वाढत राहिल्या. सगळ्यांचं झाल्यावर त्या पातेल्याच्या तळाशी उरलेला भात घेऊन खिडकीशी बसल्या. जेवण इतकं गोड त्यांना कित्येक महिन्यांत लागलं नव्हतं. मोरीत घसरल्यापासून जी एक धाकधूक मनात बसली होती, ती कुठल्या कुठे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पोचली. फलाटावर लेक उभी होती, केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले. तिच्याशेजारी चाकांची खुर्ची आणि ती ढकलायला एक माणूस.

"ही कुणासाठी?" बाईंनी खाली उतरताच विचारलं.

"तुझ्यासाठी. एवढा प्रवास झाला, चालवणार नाही म्हणून..."

"बरं झालं आणलीस." आणि बाईंनी मागे वळून नळवाल्यांना हाक मारली. नळवाले आणि टीसी मिळून दोन्ही पातेली घेऊन उतरले आणि ती त्या खुर्चीत बसवण्यात आली. खुर्चीवाला बिचारा गोंधळून एकदा पातेल्यांकडे आणि एकदा लेकीकडे बघायला लागला. डब्यातली माणसं खिडक्यांतून "मावशी, येतो!" म्हणून हात हलवत होती. पार्सल ऑफिसात पातेली खानावळीच्या पत्त्यावर चढवल्यावरच बाईंनी लेकीकडे नीट पाहिलं.

"मी पोचले," त्या म्हणाल्या. "धडधाकट."

"हो," लेक म्हणाली. "तू जिंकलीस."

तिने वाद घातला नाही. बाईंना ते जरा चुकल्यासारखं वाटलं.

लेकीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. नीटनेटकं, गार, आणि एका माणसाचं. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. लेकीला स्वयंपाकाचा कंटाळा, हे बाईंना माहीत होतं. पण आज शेगडीवर भात होता, रस्सा होता आणि ओट्यावर इतका पसारा होता की तिने पहाटेपासून खटपट केली असावी. बाई सवयीने डाव घ्यायला उठल्या.

"तू बस," लेक म्हणाली. तिने आईचं ताट वाढलं, आपलं वाढलं आणि समोर बसली. जेवायला मात्र सुरुवात केली नाही.

"ऑर्डरी रद्द झाल्या ना, तेव्हा मी ऑफिसात रडले," ती खाली बघत म्हणाली. "सगळे बघत होते."

"वेडी आहेस का? मी एक दिवस उपाशी राहिले असते तर मरत होते?"

"तसं नाही गं." लेक म्हणाली. "तू पडशील, तुला काही होईल, म्हणून मी तुला बोलवत नव्हते. म्हणजे तेही होतं. पण तू सबंध कारखान्याला गरम वाढायचीस आणि मी शाळेतून यायचे तेव्हा घरी झाकून ठेवलेलं असायचं. रोज. मी तुला कधी बोलले नाही, कारण तू माझ्यासाठीच राबत होतीस. पण मला वाटलं, आता तरी आपण रोज समोरासमोर बसून जेवू. तेवढंच हवं होतं मला. आणि ते जमेना, तर निदान गाडीत तुझ्या हातात गरम डबा तरी पडावा."

इतकी माणसं बाईंनी जेवू घातली होती, एक कुणी उपाशी उठलं नाही याचा त्यांना अभिमान होता. आणि त्या सगळ्या वर्षांत आपली पोर एकटी बसून गार अन्न खात होती, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. झाकून ठेवलं की काम झालं, असंच त्या समजत आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

त्यांना आपलं घर हवं होतं. आताही हवं होतं, कालच्याइतकंच. पैज त्यांनी खरोखर जिंकली होती आणि जिंकलेलं सोडून द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी भाताचा घास घेतला. भात थोडा कच्चा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला भात कच्चा राहिल्याचं सांगितलं नाही.

"मी परत जाणार," त्या म्हणाल्या. "ते ठरलंय."

"हो," लेक म्हणाली.

"पण कधी जायचं ते तू सांग. तू सांगेपर्यंत तिकीट काढणार नाही. आणि घास घे आता, माझ्याबरोबर."

लेकीने डाव उचलला आणि आईच्या ताटात आणखी भात वाढला.